श्रुतिकेतलं वय श्वासातून येतं

म्हातारा आला की आवाज थरथरवायचा आणि लहान मूल आलं की नाकातून बारीक आवाज काढायचा, ही खोड हौशी श्रुतिकांना फार जुनी जडली आहे. रंगमंचावर ती खपते. तिथे पांढरी दाढी, काठी, वाकलेली पाठ डोळ्यांना दिसत असते, आवाज मागून नुसती साथ करतो. माइकसमोर दाढी नाही की काठी नाही. ऐकणारा पहिल्या दोन वाक्यांत पात्राचं वय ठरवतो आणि ते चुकलं तर पुढे कथा कितीही चांगली असली तरी कानाला खटकत राहतं.

माझं ठाम मत असं, की वय उभं करताना आधी श्वास बदलावा, मग बोलण्याची गती, मग तोंडाची ठेवण, आणि सूर सगळ्यात शेवटी. बहुतेक मंडळी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

याचं कारण शरीरात आहे. प्रौढ पुरुषाचा बोलण्याचा सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), स्त्रीचा १८० ते २२०, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा २५० च्या आगेमागे. सूर तेवढा ओढूनताणून वर नेता येतो. पण स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी पुरुषात १७ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि लहान मुलात ११-१२. आवाज ‘लहान’ वाटतो तो या आखूड नळीमुळे. तिच्या लांबीवरून जे अनुनाद ठरतात त्यांना फॉर्मंट म्हणतात. गळा चिमटून सूर चढवला तरी नळी तेवढीच राहते, म्हणून ते मूल न वाटता मुलाची नक्कल करणारा काका वाटतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच पात्र घेऊ. रेवसजवळच्या एका गावातला बाळ्या, जन्म जानेवारी १९३८. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा तो नऊ वर्षांचा, बंदरावर आईचं बोट धरून उभा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा एकोणतीस. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा साठ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा ब्याऐंशी. श्रुतिका लिहायला घेण्याआधी असा तारखांचा तक्ता करावाच. हौशी संहितांमध्ये एका प्रवेशात साठीचा असलेला माणूस वीस वर्षांनंतरच्या प्रवेशात सत्तरीचा झालेला असतो, आणि बिचारा कलाकार कुठलं वय धरू म्हणून गोंधळतो.

तालमीसाठी चारही वयांना एकच वाक्य द्या: “बोट आयली काय गो?” नऊ वर्षांचा हे आईला विचारतो, एकोणतिशीतला बायकोला, साठीचा सुनेला, ब्याऐंशीचा नातीला. शब्द तेच राहिले की वय कुठे लपलंय ते उघडं पडतं.

नवव्या वर्षी हे वाक्य एका दमात येत नाही. “बोट आयली...” पर्यंत जोरात, मग अवेळी घेतलेला छोटा घोट श्वास, आणि “काय गो?” एकदम वर उडालेलं. मुलांना श्वास पुरवून वापरायची सवय नसते, वाक्याच्या मधेच तो संपतो. आवाज लहान-मोठा करायचं भानही कमी असतं, पुढ्यात उभ्या असलेल्या आईलाही ती खळ्याच्या पलीकडून हाक मारल्यासारखी विचारतात. हे दोन धागे पकडले की अर्धं काम होतं. पुढे तोंडाची ठेवण: हनुवटी जराशी वर, ओठ किंचित हसरे, जीभ पुढच्या दातांजवळ. यामुळे नळी थोडी आखूड होते. उभं राहूनच बोलायचं, टाचा हलक्या ठेवायच्या.

बोबडेपणाला मात्र हात लावू नका. तीन-चार वर्षांचं मूल ‘क’ ला ‘त’ आणि ‘र’ ला ‘ल’ म्हणेल. नऊ वर्षांचा मुलगा स्वच्छ बोलतो, वर शाळेत पाढे म्हणतो. शिवाय या किनाऱ्यावर एक खास अडचण आहे. अलिबाग-उरणकडच्या आगरी-कोळी बोलीत ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ सगळेच करतात, आजोबासुद्धा. तिथल्या श्रोत्याला “कोली” ऐकून लहान मूल आठवत नाही, आपला शेजारी आठवतो. बोली आणि वय यांची गल्लत इथे हमखास होते, तेव्हा आधी पात्राची बोली पक्की करा आणि वय तिच्या वर चढवा.

खरं मूल मिळत असेल तर खरंच घ्या. त्याच्या हातात कागद देऊ नका, ते धडा वाचल्यासारखं वाचेल. मोठ्या माणसाने एक तुकडा म्हणायचा, मुलाने पाठोपाठ म्हणायचा, मधे दोन सेकंद सोडायचे म्हणजे कापायला जागा मिळते. वीस मिनिटांच्या वर बसवू नका. मोठ्याच्या चालीची नक्कल होते हा या पद्धतीतला दोष, म्हणून सांगणाऱ्याने वाक्य सपाट म्हणायचं, भाव मुलाचा येऊ द्यायचा.

मूल नसेल तर बारीक आवाजाची बाई नऊ वर्षांचा मुलगा बऱ्यापैकी वठवते. संगणकावर सूर चढवायचा मोह होतो, त्याचं गणित बघा. एक सेमीटोन, म्हणजे सुरांमधली सगळ्यात छोटी पायरी, साधारण सहा टक्क्यांची. २०० हर्ट्झच्या बाईला २५० ला न्यायला चारेक सेमीटोन लागतात, १२० च्या पुरुषाला जवळजवळ तेरा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं साधं ‘चेंज पिच’ सुराबरोबर फॉर्मंटही उचलतं, त्यामुळे एक-दोन सेमीटोनपर्यंत चालून जातं आणि पुढे आवाज कार्टूनमधला वाटू लागतो. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीपिच नावाचं साधन वापरून फॉर्मंट वेगळा हाताळता येतो, तिथे थोडी जास्त मोकळीक आहे. पुरुषाचा आवाज यंत्राने चढवून मूल करायच्या भरीस पडू नये. तसं केलेलं कधीच बरं वाटत नाही.

तेरा-चौदाचं वय मधे असेल तर एवढंच: आवाज फुटणं एका प्रवेशात एकदाच, तेही जोर दिलेल्या शब्दावर. बाकी तो मुलगा भिंतीला टेकून, ओठ कमी हलवून, एक-दोन शब्दांत उत्तरं देतो.

एकोणतिशीला कलाकाराने आपला स्वतःचा आवाज वापरावा. साठीचा बाळ्या, म्हणजे आता गावाचा बाळूतात्या, मात्र लोक हमखास म्हातारा करून टाकतात. साठ वर्षांचा जाळं ओढणारा माणूस म्हातारा नसतो! त्याचा आवाज भरदार असतो, उलट वजन वाढलेलं असतं. बदल इतकाच, की तो वाक्य सुरू करायला घाई करत नाही. “बोट आयली काय गो?” मधला ‘गो’ खाली उतरतो, प्रश्न असूनही. उत्तर येणारच हे त्याला माहीत आहे. स्त्रीपात्राला साठीत सूर थोडा खाली आणावा, कारण रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज उतरतो. पुरुषांचं उलट आहे, फार उतारवयात स्वरतंतू पातळ होतात आणि सूर किंचित चढतो. म्हणून खर्जातला घोगरा आजोबा हा बहुतेक वेळा चुकीचा आजोबा असतो.

आता ब्याऐंशी. इथे सावकाश थांबू, कारण सगळ्यात जास्त वाटोळं इथेच होतं.

म्हातारपणी फुप्फुसांची लवचिकता कमी होते आणि स्वरतंतू बोलताना पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा गळते. म्हणजे आधीच कमी असलेली हवा आणखी वाया जाते. हे जसंच्या तसं करता येतं. पूर्ण श्वास घ्या, त्यातला अर्धा नुसता सोडून द्या, आणि उरलेल्या अर्ध्यावर वाक्य सुरू करा. एकोणतिशीत एका श्वासात बारा-चौदा शब्द सहज जातात, इथे पाच-सहाच बसवा. “बोट... आयली काय...” आणि ‘गो’ जवळजवळ नुसत्या हवेवर. संहितेत श्वासाच्या जागी एक तिरकी रेघ आणि थांब्याच्या जागी दोन रेघा मारून ठेवा. त्या रेघा अर्थ तुटेल अशा ठिकाणी मारायच्या नाहीत. म्हातारी माणसं दमतात, पण काय बोलायचंय ते त्यांना पक्कं माहीत असतं. वाक्य कुठेही तोडलं की आजोबा भ्रमिष्ट वाटतात.

बसायचं कसं यानेही फरक पडतो. पाटावर बसून पाठ जरा गोल करा, छाती आपोआप दबते आणि श्वास आखूड होतो. आरामखुर्ची कुरकुरते, ती नको.

थरथर हवीच असेल तर दीर्घ स्वरांवर आणि वाक्याच्या शेवटी, सेकंदाला पाचेक वेळा, पोटाच्या हलक्या धक्क्यांनी. गळ्याने केली तर दहा मिनिटांत घसा बसतो. प्रत्येक शब्दावर केली तर ऐकणारा आजोबांचं म्हणणं सोडून थरथर ऐकू लागतो.

पडलेले दात ऐकू यावेत म्हणून खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित ओढून घ्या. ‘स’ मऊ होतो, ‘त’ आणि ‘द’ ची धार जाते. तोंडात कापूस किंवा सुपारी ठेवून बोलू नका, बोलताना ती घशात जाऊ शकते.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे कान. उतारवयात ऐकू कमी येतं, आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो. हौशी श्रुतिकेत सगळे आजोबा पुटपुटतात. खऱ्या घरातले आजोबा ओटीवरून परसापर्यंत ऐकू जातील असे बोलतात, फक्त दम लवकर संपतो. जोरात सुरू होऊन विरत जाणारं वाक्य ही ब्याऐंशीची खूण आहे. त्याच्या जोडीला उशीर. नातीने काही विचारल्यावर आजोबांचं उत्तर अर्धा ते एक सेकंद मागून येऊ द्या. संकलन करताना हा उशीर नुसती जागा वाढवूनही घालता येतो, आणि एवढ्या छोट्या बदलाने दहा वर्षं वाढतात.

पात्राचं निम्मं वय दुसऱ्यांच्या तोंडी असतं हेही विसरू नका. आई ‘बाळ्या’ म्हणते, बायको ‘अवो’ म्हणते, गाव ‘बाळूतात्या’ म्हणतं, नात ‘आजोबा’ म्हणते. शब्दांचंही तसंच. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तेव्हा नऊ वर्षांच्या बाळ्याच्या तोंडी आणेच हवेत, आणि ब्याऐंशीचा बाळू सवयीने चार आणेच म्हणणार. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. भूकंपाच्या प्रवेशात कोणी ‘रायगड जिल्हा’ म्हणालं तर जाणता श्रोता चमकतो. आजोबांनी २०२० मध्ये ‘आपला कुलाबा’ म्हटलं तर आवाज न बदलताही ते म्हातारे वाटतात.

एकाच पात्राची वयं दोघा-तिघांनी वाटून घेतली असतील तर त्यांच्यात एक समान खूण पाहिजे. आवाज जुळवायच्या मागे लागू नका, तो जुळत नाही. एखादी लकब जुळवा: वाक्याआधी जीभ टाळूला लावून काढलेला ‘च्’, किंवा श्वास आत ओढत हसायची सवय. सगळ्यात तरुण कलाकाराने तीस सेकंदांचा नमुना रेकॉर्ड करून बाकीच्यांना द्यावा आणि प्रत्येकाने आपला प्रवेश सुरू करण्याआधी तो एकदा ऐकावा.

गावातल्या मंडळींमध्ये दशावतारात किंवा नमन-खेळ्यांत काम केलेली माणसं असतात. दशावतारात स्त्री पार्टही पुरुषच करतात आणि संवाद बरेचसे आयत्या वेळी रचतात. असा माणूस श्रुतिकेला सोन्यासारखा. फक्त त्याचा आवाज देवळासमोरच्या उघड्या जागेत शेवटच्या माणसापर्यंत फेकायला घडलेला असतो. त्याला माइकपासून ४० सेंटिमीटरवर उभा करा, गेन (माइक आवाज किती उचलतो ते) कमी ठेवा, आणि समोर एक माणूस हातभर अंतरावर बसवा. ‘हळू बोला’ सांगून उपयोग होत नाही, समोर जवळचा श्रोता दिसला की आवाज आपोआप आवरतो.

अंतराचा विषय निघालाच आहे. कार्डिऑइड माइकच्या, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणाऱ्या माइकच्या, अगदी जवळ गेलं की खर्ज फुगतो. १० सेंटिमीटरवर बोललेलं मूल दांडगं वाटतं. मुलाला २५ ते ३० सेंटिमीटर, प्रौढाला १५ ते २०, आणि आजोबांना १२ ते १५ ठेवा, कारण त्यांचे ओठ आणि श्वास ऐकू यायला हवेत. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा तिरका ठेवायचा, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनोवर ठेवा. सर्वांत जोरात बोललेला शब्दही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

क्रमही ठरलेला असावा: आधी लहान वय, मग स्वतःचं, मग म्हातारपण, आणि ओरडण्याचे प्रसंग सर्वांत शेवटी. ओरडून स्वरतंतू सुजले की बारीक, हलका आवाज त्या दिवशी पुन्हा मिळत नाही. म्हाताऱ्याच्या आवाजात सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम करू नका, मधे कोमट पाणी प्या.

जागेसाठी कौलारू घराचं माजघर उत्तम. चारही बाजूंनी खोल्या असल्याने बाहेरचा आवाज गाळून येतो. मागे दोरीवर दोन गोधड्या टांगल्या की घुमणंही जातं. वेळ दुपारी दोन ते चार, गाव झोपलेलं असतं. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली काम होत नाही, आणि रात्री बेडूक कुठल्याही फिल्टरला दाद देत नाहीत. दमट हवेत कंडेन्सर माइक चरचरतो, तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावा. पावसाळ्याचा एक फायदा आहे, कागद सर्दावलेला असतो आणि पानं उलटताना वाजत नाहीत.

किनाऱ्यावरच्या घरात समुद्राची गाज पाठीमागे असतेच. ८० हर्ट्झखालचं कापलं तरी ती जात नाही, ती सगळ्या पट्टीत पसरलेली असते. मग मंडळी नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज काढणारा फिल्टर, भरपूर लावतात आणि नेमके आजोबा मारतात. हवा गळणारा आवाज आणि गाज ही दोन्ही सॉफ्टवेअरला सारखीच दिसतात, त्यामुळे श्वास खाल्ला जातो आणि उरतं ते पाण्याखालून बोलल्यासारखं. आजोबांच्या ट्रॅकवर ६ डेसिबलच्या वर जाऊ नका. त्यापेक्षा त्याच खोलीतली तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून ती प्रवेशभर खाली पसरवा, कान तिला स्थळ म्हणून स्वीकारतो.

चाकरमानी कलाकार मुंबईहून आपले संवाद पाठवतात तेव्हा व्हॉइस नोट चालत नाही. ती इतकी दाबलेली असते की म्हाताऱ्याचा श्वास आणि मुलाच्या ‘स’ ची धार दोन्ही जातात. मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल करून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. गोधडी अंगावर पांघरून, पंखा बंद करून. गणपतीला किंवा शिमग्याला सगळे गावी येतात तेव्हा समोरासमोरचे संवाद एकत्र उरकून घ्यावेत. प्रश्नोत्तराचा मेळ एकट्याने रेकॉर्ड करून येत नाही.

तयार झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकतात. त्यात आवाजाचा खर्ज, म्हणजे जाडी, जवळजवळ उरत नाही. जाडीवर उभं केलेलं वय तिथे गळून पडतं आणि श्वासावर, गतीवर उभं केलेलं टिकतं. मग पंधरा सेकंदांचा असा तुकडा काढा ज्यात वयाचा उल्लेख नाही, आणि श्रुतिकेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना विचारा, हा माणूस किती वर्षांचा? दहा वर्षांच्या आत उत्तर आलं तर ठेवा. ब्याऐंशीला कोणी पासष्ट म्हणालं तर पुन्हा रेकॉर्ड करू नका, आधी थांबे वाढवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आणि वादळाच्या प्रवेशाला जपा. वाऱ्याचा आवाज आणि ब्याऐंशीचा हवा गळणारा आवाज एकाच पट्टीत येतात, दोन्ही पूर्ण सोडले की आजोबा वाऱ्यात विरघळतात. त्यांना बंद दाराच्या आत, देवघराशी बसवा. वाऱ्याचं ८०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, मग तो भिंतीपलीकडचा वाटतो आणि आजोबांच्या श्वासाला वरची जागा मोकळी मिळते. संवाद चालू असताना वारा आणखी ६ ते ८ डेसिबल खाली न्या. कौल सरकल्याचा आवाज वाक्याच्या मधे कुठेही टाकू नका. जिथे आजोबा श्वास घ्यायला थांबतात, त्या तिरक्या रेघेवर तो बसवा.